बाटलीतल्या साखरेचा हिशेब



या पानावर मी नेहमी लागण, बेणे, खोडव्यातले पाचट, ठिबक आणि हुमणी यांविषयी लिहीत असतो. शेतकी खात्याच्या माणसाने तेच लिहावे अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. या वेळी मात्र ऊस कसा वाढवावा हे सांगायचे नाही. आपल्या उसाची साखर शेवटी कुठे जाते, आणि ती तिथवर जाईपर्यंत कोणाच्या अंगावर काय पडते, याविषयी चार शब्द लिहायचे आहेत. विषय जरा टोचणारा आहे. पण हे पान म्हणजे आपले घर. घरातल्या घरात बोलायला हरकत नसावी.

चैत्रात आपल्या सोनारीत काळभैरवनाथाची यात्रा भरते. आम्ही लहान असताना यात्रेत गोडीशेव, रेवड्या, भेळ आणि चरकावरचा रस एवढीच चैन असायची. रसाचा पेला मिळाला की यात्रा पावली. आता देवळाच्या वाटेवर थंड बाटल्यांची खोकी, चायनीजच्या गाड्या आणि चिप्सच्या पुड्यांच्या माळा लागलेल्या असतात. आपली सोनारीची माकडेसुद्धा आता नारळाचा तुकडा सोडून पुडा पळवायला शिकली आहेत. आमच्या धाकट्याने बाटली मागितली. वीस रुपये दिले. तो पीत असताना सवयीप्रमाणे मी बाटलीवरचे बारीक अक्षर वाचले. खताच्या पोत्यावरचे एन-पी-के वाचायची सवय असते ना, तशीच. शंभर मिलीला दहा-अकरा ग्रॅम साखर. बाटली अडीचशे मिलीची. म्हणजे पोराच्या पोटात पंचवीस ग्रॅमच्या वर साखर गेली. पाच-सहा चमचे! चहात तीन चमचे साखर घेणाऱ्या पाहुण्याला आपण गोडघाशा म्हणतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगून ठेवले आहे की, वरून घातलेली साखर मोठ्या माणसाने दिवसभरात साधारण पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम. एका बाटलीत दिवसाचा कोटा संपला. चहा, बिस्किटे, यात्रेतली जिलेबी हे सगळे त्याच्या वर. आपल्या देशात मधुमेहाचे १० कोटींच्या वर रुग्ण आहेत, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आले आहे. आपल्या गावाकडे तर त्या रोगाचे नावच 'शुगर'. ज्या वस्तूवर आपला संसार चालतो तिचेच नाव आपण दुखण्याला दिले आहे.

पण आज मला पिणाऱ्याच्या दुखण्यापेक्षा पिकवणाऱ्याच्या आणि तोडणाऱ्याच्या हिशेबाबद्दल बोलायचे आहे. यात्रेतून घरी आल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हिशेब सोपा आहे, आपणही करून पाहा.

एक टन ऊस धरू. उतारा १०.२५ टक्के धरू, कारण एफआरपी त्याच उताऱ्यावर ठरते. म्हणजे साखर झाली १०२.५ किलो. एका बाटलीला २५ ग्रॅम म्हटले तर या साखरेत ४,१०० बाटल्या भरतात. वीस रुपयांप्रमाणे त्यांची किंमत झाली ८२,००० रुपये. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. म्हणजे वीस रुपयांच्या बाटलीतले आपल्या वाट्याला सत्त्याऐंशी पैसे आले. त्यातूनही तोडणी-वाहतूक वजा जाते, आणि मग खत, पाणी, मशागत, सोसायटीचे व्याज. आता तोडणीचे बघू. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मजुरीत ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांवर गेला. हे ३६६ रुपये ४,१०० बाटल्यांवर वाटा. एका बाटलीमागे नऊ पैसे.

नऊ पैसे, आणि तेही एकट्याचे नव्हेत. नवरा-बायको दोघांचे मिळून.

बाटलीच्या किमतीत कर असतो, काच-प्लॅस्टिक असते, वाहतूक, जाहिरात, दुकानदाराचे कमिशन असते, हे मलाही कळते. साखर न घालता पाणी विकले तरी ते पंधरा-वीस रुपयांना जाते, हेही आपण पाहतो. म्हणून कंपनीच सगळे लुटते असे ढोबळ विधान मी करणार नाही. एवढेच म्हणतो की, ही झटपट खाण्या-पिण्याची स्वस्ताई आपोआप आलेली नाही. बाटली स्वस्त, पुडा स्वस्त, बिस्किट स्वस्त. देशातली निम्म्याहून जास्त साखर आज घरच्या डब्यात न जाता अशाच मोठ्या गिऱ्हाइकांकडे जाते. त्यांना साखर स्वस्त हवी. साखर स्वस्त हवी म्हणजे ऊस स्वस्त हवा आणि तोडणी त्याहून स्वस्त हवी. वरून आलेला दाब उतरत उतरत जो सगळ्यात खाली उभा आहे त्याच्या डोक्यावर येऊन थांबतो. आपल्या धंद्यात सगळ्यात खाली कोण उभे आहे? मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रेलरवर चढणारी बाई.

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतल्या 'न्यूयॉर्क टाइम्स' या वर्तमानपत्राने महाराष्ट्रातल्या उसाच्या फडांवर मोठा वृत्तांत छापला. कोकाकोला आणि पेप्सी यांसारख्या कंपन्यांना जिथून साखर जाते त्या आपल्या राज्यातल्या ऊसतोडीत उचलीचे कर्ज, कोवळ्या वयातली लग्ने आणि बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया यांचे प्रमाण किती आहे, हे त्यात मांडले होते. आपल्यापैकी काही जणांना तेव्हा राग आला. 'हे अमेरिकेचे लोक आपली साखर बदनाम करतात' असेही बोलले गेले. पण त्यात आपल्याला नवे असे काय होते? आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्याचा प्रश्न २०१९ सालीच विधान परिषदेत आला होता. तीन वर्षांत त्या एका जिल्ह्यात ४,६०५ गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया झाल्याचे तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी सभागृहात सांगितले. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. सहा बायकांत एक! याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते.

असे का होते हे फडात उभे राहिलेल्या माणसाला कोणी समजावून सांगायला नको. पहाटे तीन-चारला उठायचे, अंधारात भाकरी थापायच्या, उजाडायच्या आत फडात. दिवसाकाठी जोडी दीड-दोन टन तोडते. पुरुष तोडतो, बाई साळते, मोळ्या बांधते आणि पंचवीस-तीस किलोची मोळी डोक्यावर वाहते. रात्री अपरात्री गाडी आली तर पुन्हा भरायला उठायचे. पालावर न्हाणी नाही, संडास नाही, पाळीच्या दिवसांत स्वच्छ पाणी नाही. अंगावरून जाते, ओटीपोटात दुखते, जंतुसंसर्ग होतो. दवाखान्यात जावे तर कोयता बंद. कोयता बंद म्हणजे खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत मिळवला जातो. अशी कुचंबलेली बाई गावी परतल्यावर एखाद्या डॉक्टरकडे जाते. तो म्हणतो, 'पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.' तिला दोन मुले झालेली असतात. तीही म्हणते, काढून टाका एकदाची. वय तीसच्या आत-बाहेर. पुढे कंबर धरते, हाडे ठिसूळ होतात, चाळिशीत बाई म्हातारी होते. २०१९ नंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेला जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली, हे चांगले झाले. पण ती अट दवाखान्याच्या दारात लागते. दुखणे सुरू होते आपल्या फडात.

इथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती न सांगता दुसऱ्याला शहाणपण शिकवणे बरे दिसणार नाही.

वीस वर्षांपूर्वीची हकिगत. शेतीची पदविका घेऊन मी नुकताच एका कारखान्यावर चिटबॉय म्हणून लागलो होतो. आपला कारखाना नव्हे, लांबचा होता. फेब्रुवारीचे दिवस होते आणि आभाळ भरून आले होते. एका सभासदाचा फड अर्धा तुटला होता. पाऊस झाला तर गाडी रानात रुतणार, तुटलेला ऊस वाळणार, उतारा जाणार. सभासद बिचारा माझ्यामागे लागला होता, आणि त्याचे काही चुकत नव्हते. तेवढ्यात मुकादम आला. म्हणाला, "सायेब, त्या कडेच्या जोडीतल्या बाईला लई तरास व्हतोय. नवरा दवाखान्यात न्यायचं म्हणतोय. दोन दिस कोयता बंद ऱ्हाईल." बाई बांधावर पोट धरून बसली होती. पंचविशीच्या आतली असेल. दोन लेकरे पाचटात खेळत होती. मी म्हणालो, "एवढा फड उरकू द्या, मग न्या." मुकादमाने तिच्याकडे बघून हात केला. ती उठली, पदर खोचला आणि मोळी उचलली. फड संध्याकाळी तुटला. रात्री पाऊस झाला. सभासदाने माझी पाठ थोपटली, आणि साहेबांनीही.

एक हंगाम सोडून तीच टोळी पुन्हा आली. मी ओळखले नाही, बाईनेच ओळखले. "बरं हाय का सायेब?" म्हणाली. मी विचारले, "तुमचं कसं काय?" तर म्हणाली, "पिशवी काढली. वीस हजार लागलं. मुकादमानं दिलं, ते फेडायलाच आलोय." आणि मग हसून म्हणाली, "आता बरं हाय. खाडा पडत न्हाई."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. त्या दोन दिवसांनी तिचे ऑपरेशन टळले असते का, हे मला सांगता यायचे नाही. मी डॉक्टर नाही. पण माझ्या चिठ्ठीवर त्या दिवशी गाडीचा नंबर, गट नंबर, सभासदाचे नाव, उसाची जात, वजन, सगळे होते. तिचे नाव नव्हते. नाव लिहायला जागाच नव्हती.

बंधूंनो, खरे दुखणे या रकान्यात आहे. आपण 'कोयता' मोजतो. 'यंदा किती कोयते आणले?' 'अमक्या गटाला पंधरा कोयते लावा.' एक कोयता म्हणजे एक जोडपे, दोन माणसे. पण करार नवऱ्याच्या नावाने, उचल त्याच्या हातात, हिशेब मुकादमाच्या वहीत, आणि कारखान्याच्या कागदावर तर बहुतेक वेळा मुकादम किंवा वाहतूकदारच. निम्मे काम करणारी बाई कुठल्याच कागदावर नाही. जी कागदावर नाही तिला रजा कशी मिळणार, दवाखाना कसा मिळणार, तिचे दुखणे कोणाच्या हिशेबात येणार? जोडी लागते म्हणून पोराचे लग्न लवकर होते. आई-बाप फडावर गेल्यावर वयात आलेली पोर गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून पोरीचेही लवकर होते. सोळा-सतराव्या वर्षी पोर कोयत्यात येते आणि तिशीत तिची पिशवी जाते.

आणि गंमत बघा, म्हणजे गंमत कसली. फडात आईला चूल पेटवायला वेळ नसतो. मग सकाळी पोराच्या हातावर पाच रुपये पडतात. ते गावच्या दुकानातून पुडा आणते. कधी दहा रुपयांची गोड थंड बाटली आणते आणि दुपारपर्यंत त्याच्यावर राहते. जिच्या कोयत्याने साखर झाली तिच्याच लेकराचे जेवण त्या साखरेच्या पाण्यावर भागते. अंगणवाडीचा आहार तिकडे गावी, रेशन गावी, शाळेची हजेरी गावी, आणि लेकरू इथे आपल्या बांधावर. शहरातल्या पोराला ते खाणे चैन म्हणून मिळते, फडातल्या पोराला नाइलाज म्हणून. पोटात जाते ते एकच.

आता आपल्या बाजूनेही बोलले पाहिजे, नाहीतर सभासद म्हणतील, साहेब टोळीचे वकील झाले. आपल्या तक्रारी मला पाठ आहेत. उचल घेऊन टोळी पळाली आणि वाहतूकदार देशोधडीला लागला, अशी घरे आपल्या परंडा तालुक्यातही आहेत. खुशाली दिल्याशिवाय कोयता लागत नाही, ड्रायव्हरला एन्ट्री द्यावी लागते, वाढे गेले, जेवण द्यावे लागते. वेळेत ऊस न गेल्याने चौदा-पंधरा महिन्यांचा ऊस रानात वाळताना पाहून सभासदाचा जीव कसा तुटतो, हे मी रोज पाहतो. हे सगळे खरे आहे, आणि त्याचा बंदोबस्त झालाच पाहिजे. पण एक विचारतो. खुशालीचे पैसे घेणारा हात आणि ट्रेलरवर चढणारे पाय एकाच माणसाचे असतात का? बहुतेक वेळा नसतात. उचल बुडवणारे निराळे आणि उचलीत बुडालेले निराळे. आपण दोघांना एकाच दाव्याला बांधतो.

काही सभासद म्हणतात, मशीन आणा, कटकट मिटेल. हार्वेस्टर येतो आहे, येणारही. त्यासाठी साडेचार-पाच फुटी सरी ठेवा, हे मीच आपल्याला सांगत फिरतो. पण वीस-तीस गुंठ्यांच्या तुकड्यात, बांधावर झाडे असलेल्या रानात, आडव्या पडलेल्या उसात मशीन सगळीकडे चालत नाही. अजून कितीतरी हंगाम आपला ऊस कोयत्यानेच तुटणार आहे. आणि मशीन आले तरी ही माणसे कुठे जातील? ती काही परकी नाहीत. पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूरची आहेत, तशी आपल्याच जिल्ह्यातल्या भूम, वाशी, कळंबचीही आहेत. बालाघाटच्या डोंगरातले पाणी त्यांच्या रानात थांबत नाही. सीना-कोळेगावचे पाणी आपल्या रानात आले म्हणून आपण बागाईतदार झालो. ते धरण झाले नसते तर आपल्यातले किती जण आज कोणाच्या तरी फडात असते, याचा विचार करावा.

आणि काही जण म्हणतील, बाटलीवाल्यांनाच विचारा की! हे मात्र मला पटते, आणि याचे उदाहरणही जगात आहे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात इमोकली नावाचे गाव आहे. तिथले मजूर टोमॅटो तोडतात. तो टोमॅटो झटपट खाण्याच्या मोठमोठ्या दुकानांच्या साखळ्यांकडे जातो. त्या मजुरांनी हिशेब केला, जसा मी बाटलीचा केला, आणि २००१ साली टॅको बेल या साखळीवर बहिष्काराची हाक दिली. मागणी काय? पौंडामागे एक सेंट जादा द्या आणि तो थेट तोडणाऱ्याच्या हातात जाऊ द्या. चार वर्षे ते चिकाटीने लढले. २००५ साली त्या कंपनीने मान्य केले. २००७ मध्ये मॅकडोनाल्डने मान्य केले, त्याच्या पुढच्या वर्षी बर्गर किंगने. खाणाऱ्याला बर्गरच्या किमतीत फरक जाणवला नाही. तोडणाऱ्याच्या पगारात मात्र पडला.

आपल्याकडे तोच हिशेब लावू. बाटलीमागे फक्त एक पैसा म्हटले तर टनाला ४१ रुपये होतात. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनाला दहा रुपये कारखान्याचे आणि तेवढेच राज्य सरकारचे, असे वीस रुपये ठरलेले आहेत. मोठ्या गिऱ्हाइकाने बाटलीमागे एक पैसा दिला तर त्याच्या दुप्पट रक्कम उभी राहते. कारखान्यांच्या संघाने ही मागणी मोठ्या खरेदीदारांपुढे ठेवावी, असे मला वाटते. एकटा कारखाना बोलला तर ते दुसऱ्याकडून साखर घेतील. सगळे मिळून बोलले तर ऐकावे लागेल. सहकार म्हणतात तो याच कामासाठी. १९५० साली प्रवरेच्या माळावर विठ्ठलराव विखे-पाटलांनी शेतकऱ्यांचा कारखाना उभा केला, तेव्हाही एकट्या शेतकऱ्याला कोणी विचारत नव्हते. एकत्र आले तेव्हा विचारावे लागले.

पण गिऱ्हाईक देईल तेव्हा देईल. तोवर आपण हात बांधून बसायचे का? खाजगी मालकाच्या कारखान्यात शेतकरी म्हणू शकतो, 'मी ऊस घातला, पुढचे मालक जाणे.' आपल्याला ती सोय नाही. आपण भागधारक आहोत, मालक आहोत. आपल्या नावावर जो लाभांश लागतो, त्याच नावावर ही जबाबदारीही लागते. म्हणून येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे विचारासाठी या सूचना ठेवतो. त्या माझ्या स्वतःच्या आहेत. संचालक मंडळाने त्यांवर विचार करावा, ही विनंती.

पहिली सूचना. तोडणीच्या करारावर आणि आपल्या नोंदवहीत जोडीतल्या दोघांची नावे वेगवेगळी लिहावीत, आणि मजुरीचा निम्मा भाग बाईच्या बँक खात्यात जावा. याला खर्च काही नाही. रकाना वाढवायचा आहे, एवढेच. ते काम माझ्या खात्याचे आहे आणि ते करायला मी तयार आहे.

दुसरी. टोळ्या येण्याआधी पालाच्या तळावर पाण्याची टाकी, दिवा, न्हाणी आणि फिरते संडास तयार असावेत. टोळी आल्यावर खड्डे खणायला घेतले तर हंगाम निघून जातो.

तिसरी. दर महिन्याला दोन दिवस बाईला विनाखाडा सुट्टी. त्या दिवसांचा दंड मुकादमाने लावायचा नाही, हे करारातच लिहावे. गरोदर बाईला मोळी वाहायला लावू नये.

चौथी. पंधरा दिवसांतून एकदा तळावर तपासणी, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि आशाताईंच्या मदतीने. कोणी 'पिशवी काढा' म्हणाले तर आधी सरकारी दवाखान्यात दाखवल्याशिवाय उचलीतून पैसे द्यायचे नाहीत, असा मुकादमांना दंडक असावा.

पाचवी. मुलांसाठी तळावरच साखरशाळा आणि अंगणवाडीचा गरम आहार. आता रेशनकार्ड कुठेही चालते, तेव्हा त्यांचे धान्य इथल्या दुकानातून मिळवून देण्याची व्यवस्था करावी. चुलीवर डाळ-भात शिजला तर पुड्याचे काम पडणार नाही.

पैसा कुठून आणायचा? कारखान्याने आणि सभासदाने मिळून टनाला पाच रुपये काढले तर लाख टनाला पाच लाख होतात. एकरी चाळीस टन ऊस असलेल्या सभासदाने हा सगळा भार एकट्याने सोसला तरी एकराला दोनशे रुपये पडतात. युरियाच्या एका पोत्याच्या किमतीवर फार झाले नाही.

आणि सभेची वाट न बघता प्रत्येकाला करता येईल असेही काही आहे. टोळी आपल्या रानात आली की मोटर चालू करून पिण्याचे पाणी द्या. वस्तीवरची न्हाणी बायांसाठी मोकळी ठेवा. सावलीला एक जुनी ताडपत्री बांधा, तिथे लेकरे बसतील. बाई बांधावर बसलेली दिसली तर 'का बसली?' असे विचारण्याआधी 'काय होतंय?' असे विचारा. आणि शेतकी खात्याचा माणूस घाई करत असेल, अगदी मी असलो तरी, तर त्याला थांबवा. वीस वर्षांपूर्वी त्या बांधावर कोणी मला थांबवले असते तर बरे झाले असते.

साखर विकू नये, बाटल्या भरू नयेत, असे माझे म्हणणे नाही. साखरेला गिऱ्हाईक नसेल तर आपल्या उसाला दर कोण देणार? पण आपले वाडवडील सांगून गेले आहेत की, ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये. तोडणारी माणसे हे या धंद्याचे मूळ आहे. ते जमिनीच्या खाली असते म्हणून दिसत नाही. खोडवा चांगला यावा म्हणून आपण बुडखा जपतो, बुडख्यावर माती चढवतो, पाचट सारून पाणी देतो. माणसांच्या बाबतीत मात्र वर्षानुवर्षे बुडख्यावरच कोयता चालवत आलो.

येत्या गळीत हंगामात आपल्या चिठ्ठीवर एक रकाना वाढलेला मला पाहायचा आहे. सभासदांनी सभेत हात वर केले, तर तो वाढेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी,
शेतकी विभाग, सोनारी